विसाचा आकडा

१९९८ साल सरत आलं होतं, मला अडुसष्टावं लागलं होतं, आणि तुम्ही गेलात मास्तर. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. हा क्रम मला मान्य नाही. तुम्ही असता तर डोकं हलवून म्हणाला असता, "बठ्ठं खरं शे नाना, सगळं खरं, पण निसर्गाला रांग कुठं माहिती?" आणि मी म्हणालो असतो, "मंग शिकवा त्याले. मास्तर कशाले झाले?"

निरोप गुरुवारी दुपारी आला, समोरच्या एसटीडी बूथवर. बूथवाला रस्ता ओलांडून दुकानात आला तेव्हा मी एका ट्यूबला पंक्चर लावत होतो. त्यानं सांगितलं. मी सोल्यूशन वाळू दिलं, ठिगळ दाबलं, हवा भरली, गिऱ्हाइकाच्या हातात सायकल दिली आणि मग दुकानाच्या फळ्या लावल्या. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं. त्यांना काय सांगू? हातांना दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही कुठं जन्मलात, किती वर्षं नोकरी केली, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांचं अक्षर चांगलं आहे. मी लिहितोय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलं, आणि अर्ध्या भांडणाचं एकट्या माणसानं काय करायचं ते मला कळत नाही.

तुम्ही नशिराबादच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलात ते ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. त्या जानेवारीत पारावर एक बुवा उतरला होता. काडी न लावता नुसत्या मंत्रानं होम पेटवायचा. सकाळची वेळ, सगळा गाव शाली पांघरून जमलेला. बुवा पळीनं तूप सोडत होता आणि मंत्र म्हणत होता. मंत्र संपता संपेना. मी बघत होतो ते पळीकडं. त्या दिवशी आमच्या घरचं तूप चमच्यानं खरवडून काढावं लागलं होतं, आणि बुवाचं तूप तेलासारखं वाहत होतं. मी मागून ओरडलो, "महाराज, तुमची म्हैस कोणत्या देशाची हाये हो? तिचं तूप थिजतच नाही!" लोक हसले. बुवानं डोळे वटारले. तेवढ्यात होम पेटला आणि हसणारे लगेच पाया पडायला धावले.

तुम्ही गर्दीतून येऊन माझा दंड धरलात. तेव्हा आपली ओळखही नव्हती.

"कितवी शिकलात?"

"तिसरी. काहून?"

"ते ग्लिसरीन आहे. खाली समिधांत जांभळी पावडर असणार, विहिरीत टाकतात ना, ती. दोन्ही एकत्र आली की आपोआप पेटतं. मी हे पुस्तकात वाचलंय. तुम्ही नुसतं बघून पकडलंत."

नुसतं बघून पकडलंत. हे वाक्य मी अठरा वर्षं खिशात घेऊन फिरलो मास्तर. आजवर कुणी मला एवढं मोठं काही दिलं नव्हतं. माझ्या बापानंही नाही.

पुढं आपण दोघांनी मिळून काय काय केलं ते या पट्ट्यात लोकांना माहीत आहे. मी भगवी लुंगी नेसून बुवा व्हायचो, तुम्ही नंतर उभे राहून कसं झालं ते सांगायचात. शिरपूरच्या वरची सातपुड्यातली गावं, इकडं केळीच्या पट्ट्यातली गावं, धुळ्याच्या आसपासच्या वस्त्या. सगळे कार्यक्रम उन्हाळ्यात. कापूस घरात आलेला, शाळांना सुटी, माणसं मोकळी. एकदा एका म्हातारीनं कार्यक्रम संपल्यावर माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, तो मास्तर काहीबाही सांगतो, पण तूच खरा महाराज. तुम्ही किती दिवस मला महाराज म्हणत होतात!

मंत्र म्हणायला मी साफ नकार दिला होता. ढोंगाची चेष्टा करायची तर ढोंग्याचे शब्द माझ्या तोंडात कशाला? मी म्हणालो, मी आकडे म्हणणार. "मंत्रबिंत्र काही नाही, माह्यासंगं मोजा रे!" आणि समोरची पोरं ओरडून मोजायची, एक, दोन, तीन. विसाला भडका. कधी एकोणीस, कधी एकवीस, पण वीस म्हणजे वीसच. तो आकडा मी बसवला होता. पावडर किती बारीक कुटायची, थेंब किती सोडायचे, दुकानामागं बसून मी ते सगळं करून करून ठरवलं होतं. कागद ना पेन्सिल. तुम्हाला सनावळी पाठ असतात, तसा मला तो वीस पाठ होता.

मग तुमची धुळ्याला बदली झाली. मला वाटलं, सुटलं. पण महिन्यातून दोन रविवार तुम्ही एसटीनं जळगाव आणि जळगावाहून नशिराबाद करत आलात. आणि सत्त्याण्णव साली तुम्ही जुना कॉम्प्युटर घेतलात, त्याला फोनची तार लावलीत. त्यानंतर तुमच्या पिशवीत ते कागद यायला लागले. दोन्ही कडांना भोकं असलेले, एकाला एक जोडलेले, उलगडले की दुकानाच्या दारापर्यंत जायचे.

तुम्ही सांगितलं, देशभरात आपल्यासारखी चाळीसेक माणसं आहेत, लोकांना विज्ञान समजावून सांगत फिरणारी. एकानं लिहिलं की चाळिसांनाही तेच पोचतं. कुणी प्रयोग पाठवतं, कुणी शंका विचारतं, कुणी चूक दाखवतं.

"पाकीट नाही?"

"नाही."

"तिकीट नाही?"

"नाही नाना."

"पोस्टमन?"

"तोही नाही."

"मंग बुवा अन् तुमच्यात फरक काय राह्यला?"

तुम्ही इतके हसलात की चहा सदऱ्यावर सांडला. पण मी गंमत करत नव्हतो. मला खरंच पटत नव्हतं. हा माणूस एकटा पडलाय, बदलीच्या गावात बसून स्वतःच पत्रं लिहितो आणि मला वाचून दाखवतो, असं माझ्या मनात आलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

पटलं ते सावलीमुळं. त्या डिसेंबरात तुमच्या मंडळींनी ठरवलं, एकाच दिवशी सगळ्यांनी मीटरभर काठी उभी करायची आणि भर दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची. मी ओळंबा लावून काठी उभी केली. आपल्याकडं सावली जवळजवळ काठीएवढीच आली. पंधरा दिवसांनी तुम्ही तक्ता आणलात. दक्षिणेत समुद्राकाठी राहणाऱ्या एकाची सावली आपल्यापेक्षा बरीच आखूड. वर बर्फाच्या बाजूला डोंगरातल्या शाळेत एक बाई शिकवत होत्या, त्यांची दीड काठी. आणि एकानं लिहिलं होतं, आमच्याकडं दिवसभर ढग होते, सावली पडलीच नाही, माफ करा. तिथं मी तुम्हाला थांबवलं. म्हणालो, "पटलं. खोटं लिहिणारा सावली देईल, ढग नाही देणार." त्या तक्त्यात नशिराबाद होतं, पुढं माझं नाव होतं. इंग्रजीत होतं, तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. त्या बोटाखालचं नाव मी पुढं कितीदा काढून बघितलं ते विचारू नका.

त्यानंतर मी त्या चाळिसांतला एक झालो, तुमच्या तोंडानं. तुम्ही वाचायचात, मराठीत सांगायचात, मी उत्तर बोलायचो, तुम्ही लिहून घ्यायचात. "हे असंच लिहू का नाना? 'त्या माणसाले अक्कल नाही' असं?" "लिहा." "मी लिहितो, 'यावर पुन्हा विचार व्हावा.'" "ते तुमचं झालं. माह्यं लिहा." शेवटी काय लिहायचात कुणास ठाऊक. पण ज्याला अक्कल नाही म्हणालो होतो, तो पुढच्या वेळी माझी चौकशी करायचा. त्यावरून काय ते समजलो.

घरात मी एकटा. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सुरतेला. पंधरा दिवसांतून एकदा अकराच्या एसटीनं चाळीस माणसं माझ्या दुकानात उतरायची. आता तुम्ही नाही, तर ती चाळीसही नाहीत. माणूस एक गेला आणि दुकान एवढं रिकामं कसं झालं, याचा हिशेब मला असा लागतो.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तुम्ही आपला होम त्यांना पाठवलात. तुम्ही विचारलंत, "आकडा काय देऊ?" मी म्हणालो, "वीस. त्यात विचारायचं काय?" तुम्ही लिहिलंत वीस. समुद्राकाठच्या माणसाचं उत्तर आलं, आमच्याकडं सव्विसाला पेटलं. मी म्हणालो, "भरभर मोजलं आसन." तुम्ही भिंतीकडं बघितलंत, आणि पुढचा कागद उलगडलात. तेव्हाच तुमच्या मनात काहीतरी आलं होतं ना? बोलला का नाहीत? माझ्या तोंडाला भ्यालात?

नोव्हेंबरात तुम्ही आलात ते चहा नको म्हणतच. डोंगरातल्या त्या शिक्षिकाबाईंनी शाळेत होम केला होता. पोरांनी वीस मोजले. काही झालं नाही. पोरं हसायला लागली. बाईंना वाटलं फसलं, म्हणून त्या काय झालं ते बघायला वाकल्या, पावडर हलवायला हात पुढं केला, आणि भडका झाला. तळहात आणि तीन बोटं भाजली. डोळे थोडक्यात वाचले.

मास्तर, त्या वेळी माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं, ते मला विसरता येत नाही. मी हात कसा आहे असं विचारलं नाही. मी म्हणालो, "तिच्या ग्लिसरिनात पाणी आसन."

"नसेलही."

"मंग पावडर जाड ठेवली आसन."

"नाना, तुम्ही हा आकडा कोणत्या महिन्यात बसवलात?"

"महिन्याचं काय त्याच्यात?"

"आपले कार्यक्रम एप्रिल-मे. अंगाची लाही होते अशा उन्हात. तिच्याकडं पाणी गोठायची वेळ. थंडीत हे सावकाश होतं. माझ्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही एकदा पहाटे थंडीत करून बघा, मी तो आकडा त्यांना कळवतो."

"माह्या आकड्याले कुणी हात लावायचा नाही. अठरा वर्षं तो चालला."

"अठरा उन्हाळे चालला."

मी पाना खाली आपटला. तुम्ही तरी थांबायचं. पण तुम्हीही हट्टालाच पेटला होतात. म्हणालात, "तो बुवा आठवा. त्या सकाळी त्याचा मंत्र किती लांबला होता? आपण समजलो नाटक वाढवतोय. त्याला माहीत होतं, थंडीत वेळ लागतो. पेटेपर्यंत तो म्हणत राहिला. त्यानं आकडा ठरवलाच नव्हता."

"म्हंजे बुवा माह्यापेक्षा हुशार?"

"या एका बाबतीत, हो."

तुम्ही खरं बोललात. पण खरं बोलायची ती वेळ नव्हती, की होती, हे मी अजून ठरवू शकलो नाही. मी म्हणालो, मग त्या बुवालाच शोधून काढा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. पुढल्या रविवारी हे कागद घेऊन येऊ नका.

तुम्ही पिशवी उचललीत. एक कागद माझ्या फळीवर ठेवलात. म्हणालात, "मी त्यांना काय लिहिलंय ते यात आहे. कृती मागं घेतली आहे." मग दारात थांबून विचारलंत, "कागद नको, ठीक. मी येऊ का?"

मी पंप मारत राहिलो. चाकात हवा पुरेशी होती तरी मारत राहिलो. तुम्ही थोडा वेळ उभे होतात. मग गेलात.

तेव्हा फक्त "या" म्हणायचं होतं. एक अक्षर.

तो कागद इंग्रजीत. गावात वाचून दाखवणारे दहा जण मिळाले असते, पण मी कुणाला दाखवला नाही. मला खात्री होती, त्यात माझं नाव असणार. नशिराबादच्या नानानं चुकीचा आकडा दिला आणि एका बाईचा हात भाजला, हे तुम्ही चाळीस जणांना सांगून बसलात, आणि मला न विचारता माझी कृतीही मागं घेतलीत. पुढचा तुमचा रविवार आला. अकराची एसटी आली, गेली. त्याच्या पुढचाही गेला. मी एसटीकडं बघत नव्हतो असं सगळ्यांना दिसावं म्हणून पाठ करून बसलो होतो. मग तो गुरुवार आला.

तेराव्याला धुळ्याला आलो. कागद घडी करून खिशात आणला होता. तुमचा कागद तुमच्या घरात परत करायचा, असा माज. माणूस गेल्यावरही माज जात नाही मास्तर. पंगत उठल्यावर वहिनी एकट्या बसल्या होत्या, तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. त्यावर त्यांनी टॉवेल टाकला होता. मी कागद पुढं केला.

"हे त्याहिचं. ठेवून घ्या."

वहिनींनी चष्मा लावून बघितलं. "तुम्ही वाचलं नाही नाना?"

"मले कुठी इंग्रजी येतं."

"कुणाकडून वाचूनही घेतलं नाही?"

मग त्यांनी वाचलं, तुम्ही वाचायचात तसंच, एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी. हा आकडा मी कळवला. तो उन्हाळ्यातला आहे हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे. ही कृती सध्या कुणी करू नये. नशिराबादचे नाना, माझ्या बरोबरीनं काम करणारे, थंडीतला आकडा स्वतः घेऊन देणार आहेत. तो आला की दुरुस्त कृती पाठवीन.

एवढंच. चुकीपाशी तुमचं नाव, आणि पुढच्या कामापाशी माझं. मला न विचारता मला शब्दात बांधून ठेवलंत मास्तर. मी नाही म्हणालो होतो. तुम्ही ते हो धरलं होतं.

"यावर सहा जणांची पत्रं आलीत," वहिनी म्हणाल्या. "नानांचा आकडा आला का, म्हणून. एक त्या बाईंचंही आहे. यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. म्हणायचे, नाना देतील." मग खाली बघून म्हणाल्या, "त्या रविवारी निघाले होते तुमच्याकडं. स्टँडपर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, नाना बोलावतील तेव्हा जाईन."

मी उठलो. पाणी प्यायलो. कुणाशी न बोलता एसटीत बसलो. पारोळ्यापर्यंत शेजारचा माणूस विचारत होता, बाबा, डोळ्यांत काही गेलंय का. गेलंय, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडतानाच, मी मागच्या अंगणात बसलो. थंडी अशी की ग्लिसरिनची बाटली हातात गार दगडासारखी लागत होती. पत्र्याच्या झाकणात पावडर घेतली, उन्हाळ्यात घेतो तेवढीच, कुटली तेवढीच बारीक. थेंब सोडले आणि मोजायला लागलो. मोठ्यानं मोजलं. ऐकायला कुणी नव्हतं. वीस झाले. काही नाही. तीस. चाळीस. मला वाटलं, जुनी पावडर, विझली, काही होत नाही आता. पन्नासाच्या पुढं कधीतरी माझी मान खाली गेली, हात झाकणाकडं गेला. मग एकदम कळलं मी काय करतोय, आणि मी मागं सरकलो, बुडाखालचं स्टूल पडलं तरी सरकलो. ब्याऐंशीला पेटलं.

तुम्ही कोणतीही गोष्ट तीनदा करायला लावायचात. दुसऱ्यांदा एकशे सात. तिसऱ्यांदा अडीचशेपर्यंत मोजलं, पेटलंच नाही. ऊन अंगणात येईपर्यंत लांब बसून राहिलो, मग त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

बूथ उघडल्या उघडल्या वहिनींना फोन लावला. म्हणालो, लिहून घ्या, आणि आजच पाठवा. त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही काहीही लिहा, पण हे त्यांच्याच नावानं जाईल. वरती नाव त्यांचंच उमटतं."

"मंग पहिल्या ओळीत माह्यं घाला. आधी त्या बाईले विचारा, हात कसा हाये. मंग लिहा, वीस हा आकडा माहा होता. थंडीत मी तो कधी घेतला नव्हता. आज घेतला."

"किती आला?"

"आकडा देऊ नका. तीनदा केलं, तिन्ही वेळा वेगळं झालं. लिहा, पेटेपर्यंत लांब उभं राहायचं, अन् पेटलं नाही तरी वाकायचं नाही, वरून पाणी ओतायचं."

वहिनी लिहीत होत्या. पेनाचा आवाज येत नाही फोनवर, पण त्या थांबल्या ते कळलं. "झालं नाना. अजून काही?"

"मीसुद्धा वाकलो होतो," मी म्हणालो. "तेही लिहा."